हाड घडविणारे प्रथिन

१९११ साली न्यूयॉर्क शहरातील दोन शल्यवैद्यांनी स्वतंत्रपणे एकच धाडस केले. त्या काळी कण्याच्या क्षयाने मणके झिजून ढासळत आणि कोवळ्या मुलांच्या पाठीला कुबड येई. रोगट मणके एकमेकांशी सांधून त्यांची हालचालच बंद केली, तर ही पडझड थांबेल, असे रसेल हिब्स व फ्रेड आल्बी या दोघांनाही वाटले. हिब्स यांनी मणक्यांच्या मागील बाजूच्या हाडाच्याच ढलप्या काढून त्या शेजारच्या मणक्याशी जुळविल्या. आल्बी यांनी मणक्यांची मागील टोके मधोमध चिरून त्यांत रोग्याच्याच नडगीच्या हाडाची पट्टी बसविली. आंब्याच्या खुंटाला पाचर कलम बांधावे, तसाच हा प्रकार होता. कलम धरले म्हणजे दोन मणक्यांचा एक अखंड खांब होई.

पुढे हीच शस्त्रक्रिया कमरेच्या मणक्यांच्या इतर विकारांसाठीही होऊ लागली. कलमासाठी लागणारे हाड बहुधा रोग्याच्याच कमरेच्या बाजूच्या रुंद हाडातून काढीत. त्यासाठी एक जादा जखम रोग्याच्या वाट्याला येई, आणि एवढे करूनही काही रोग्यांचे मणके सांधले जात नसत. साहजिकच प्रश्न पडला : हाड रुजते ते कशाच्या बळावर?

या प्रश्नाची चाहूल फार पूर्वी लागली होती. निकोलस सेन या शल्यवैद्याने १८८९ साली आम्लात भिजवून चुना काढून टाकलेल्या हाडाने अस्थिरोगातील पोकळ्या भरल्या होत्या. परंतु खरा उलगडा झाला तो १९६५ साली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मार्शल उरिस्ट यांनी चुना काढलेले हाड सशासारख्या प्राण्यांच्या स्नायूंत ठेवले. स्नायूंत हाडाचे काय काम? तरीही काही आठवड्यांत तेथे नवे हाड तयार झाले. रोवलेल्या हाडातील पेशी तर मृत होत्या. याचा अर्थ, त्या निर्जीव तुकड्यात असे काही द्रव्य होते, की ज्याच्या आज्ञेने भोवतालच्या जिवंत पेशी हाड घडवू लागत. हे द्रव्य म्हणजे एक प्रथिन असावे, असे अनुमान करून १९७१ साली त्याला ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’, अर्थात हाडाला आकार देणारे प्रथिन, असे नाव देण्यात आले.

नाव मिळाले, पण वस्तू हाती लागणे दुरापास्त होते. किलोभर हाडातून ते निघे केवळ मायक्रोग्रॅमच्या हिशेबात. १९८१ साली संपत आणि मूळचे भारतीय असलेले हरी रेड्डी यांनी हाडातील विद्राव्य अंश वेगळा केला व तो उरलेल्या चोथ्याशी पुन्हा एकत्र आणताच हाड घडण्याची शक्ती परत येते, हे दाखविले. १९८८ साली जॉन वॉझनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनांची जनुके शोधून काढली. त्यानंतर हे द्रव्य प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींकडून हवे तेवढे करवून घेता येऊ लागले. २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कमरेच्या मणक्यांसाठी त्याला मान्यता दिली. प्रथिनाच्या द्रावणात भिजविलेला कोलॅजेनचा स्पंज धातूच्या पिंजऱ्यात भरावयाचा व तो पोटाच्या बाजूने दोन मणक्यांमध्ये बसवावयाचा, अशी ही रीत होती. उरिस्ट मात्र आदल्याच वर्षी निवर्तले होते.

रोग्याचे हाड काढण्याची गरज उरली नाही, याचा आनंद मोठा होता. त्या आनंदात मर्यादेचे भान सुटले. मान्यता एका विशिष्ट शस्त्रक्रियेपुरती असता त्या प्रथिनाचा वापर इतरत्रही सर्रास होऊ लागला. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर काही रोग्यांचा गळा इतका सुजला, की श्वास घेणे कठीण झाले. २००८ साली औषध प्रशासनाला तशी जाहीर सूचना द्यावी लागली. कमरेच्या शस्त्रक्रियांतही कोठे नको त्या जागी हाड वाढले, तर कोठे असलेले हाडच विरघळले.

मग आरंभीच्या निबंधांत हे कसे आले नव्हते? २०११ साली ‘स्पाइन जर्नल’ने हाच प्रश्न उघडपणे मांडला. संपादक यूजीन कॅरेगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्पादकाच्या अर्थसाहाय्याने झालेले १३ निबंध तपासले. त्यांतील ७८० रोग्यांपैकी एकालाही या प्रथिनामुळे अपाय झाल्याची नोंद नव्हती. प्रत्यक्षातील धोका त्या निबंधांतील अंदाजाच्या १० ते ५० पट असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर उत्पादकाने आपली मूळ आकडेवारी येल विद्यापीठाच्या हवाली केली. अमेरिकेतील ऑरेगन व इंग्लंडमधील यॉर्क येथील दोन गटांनी ती स्वतंत्रपणे तपासली. २०१३ साली त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. हाड जुळविण्याच्या कामी प्रथिन कमी पडत नव्हते. परंतु रोग्याला स्वतःच्या हाडाच्या कलमापेक्षा फारसा अधिक आराम त्याने मिळतो, असे काही सिद्ध झाले नाही.

यामुळे उरिस्ट यांचा शोध खोटा ठरत नाही. सशाच्या स्नायूंत उगवलेले ते हाड खरेच होते, आणि योग्य जागी, योग्य मात्रेत हे प्रथिन आजही उपयोगी पडते. चुकला तो हिशेब. वहीच्या एका बाजूला जुळलेल्या मणक्यांची संख्या बारकाईने लिहिली गेली आणि दुसऱ्या बाजूला शून्य मांडले गेले. त्या शून्याच्या भरवशावर शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेल्या माणसाला ती वही पाहावयास मिळाली नव्हती.