दरड, दुष्काळ आणि दान : ख्रिस्ती श्रद्धा आपत्तीला कशी सामोरी जाते?

शिवथरच्या परिसरात, सह्याद्रीच्या कुशीतील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत, पावसाळा हा शेतीचा हंगाम असतो तसाच धास्तीचाही काळ असतो. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते आणि पोलादपूर तालुक्यातील कोंढवी या गावांवर दरडी कोसळल्या. त्यांत दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच वेळी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले होते. अशा प्रत्येक आपत्तीनंतर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे आमच्याच वाट्याला का आले? आणि दूर राहणाऱ्याने नेमके काय करावे? प्रत्येक धर्मपरंपरेने त्यांची उत्तरे आपल्या परीने शोधली आहेत. शिवथर घळीत समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितला, अशी परंपरा आहे, आणि त्या ग्रंथात भक्तीच्या जोडीला यत्नालाही मोठे स्थान आहे. ख्रिस्ती परंपरेचे उत्तर श्रद्धा, प्रार्थना आणि दान या तीन शब्दांत मांडता येते.

आपत्ती म्हणजे शिक्षा नव्हे

संकटात सापडलेल्यांनी पाप केले असेल, ही समजूत फार जुनी आहे. जुन्या करारातील ईयोबाचे मित्र त्याला हेच पटवू पाहतात, पण ग्रंथाच्या अखेरीस देव त्यांचे म्हणणे नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात याहून थेट प्रसंग आहे. यरुशलेममध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले होते. ते इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे येशूने स्पष्ट सांगितले आणि ऐकणाऱ्यांनाच स्वतःचे आयुष्य तपासण्यास बजावले. महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. त्या प्रवाशांबद्दल विचार करतानाही हीच शिकवण लागू पडते. मृतांचा हिशेब मांडण्यापेक्षा जिवंतांनी आपले कर्तव्य पाहावे, असा तिचा अर्थ आहे.

दान आणि हिशेब

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात दुष्काळ निवारणाची नोंद आढळते. मोठा दुष्काळ पडणार, असे अगब नावाच्या संदेष्ट्याने सांगितल्यावर अंत्युखियातील शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत गोळा केली आणि बर्णबा व शौल यांच्या हस्ते यहूदियात पाठवली. पुढे हाच शौल, म्हणजे पौल, करिंथच्या मंडळीला लिहितो की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडेथोडे बाजूला काढून ठेवावे. ती रक्कम नेण्यासाठी मंडळीनेच विश्वासू माणसे निवडावीत, म्हणजे कोणाला संशयास जागा उरणार नाही, अशीही काळजी त्याने घेतली. नियमितपणा, ऐपत आणि चोख हिशेब ही तीन सूत्रे आजच्या कोणत्याही मदतनिधीला लावता येतील. उपवासकाळात स्वतःच्या खर्चात काटकसर करून ती बचत गरजूंना देण्याची प्रथा आजही अनेक ख्रिस्ती घरांत पाळली जाते. भारतातील चर्चच्या मदतकार्याला फाळणीनंतर संस्थात्मक रूप आले. निर्वासितांच्या मदतीसाठी १९४७ मध्ये ‘कासा’ ही संस्था उभी राहिली, तर कॅथलिक धर्मसभेची ‘कॅरितास इंडिया’ १९६२ मध्ये स्थापन झाली.

केडगावचा धडा

महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि मोठी बहीण गमावली. विद्वान घराण्यातील या कुटुंबाला अंगमेहनतीचे काम शिकवलेले नव्हते आणि ते करण्यात कमीपणाही वाटत असे. ही आठवण रमाबाई विसरल्या नाहीत. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. पुण्याजवळील केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे प्रार्थनेला दिवसाच्या कामात पहिले स्थान होते, पण मुलींना विणकाम, शेती, तेलघाणा आणि छपाईही शिकवली जाई. पोट भरण्याइतकेच, पुढच्या दुष्काळात हात पसरावा लागू नये, हेही उद्दिष्ट होते. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, पण त्यांची संस्था आजही कार्यरत आहे.

शहरातील दात्यासाठी

२००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. देणाऱ्याला काय नकोसे झाले आहे, यापेक्षा घेणाऱ्याला काय हवे आहे, हे आधी विचारले पाहिजे. बहुतेक वेळा नोंदणीकृत संस्थेला किंवा मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली रोख रक्कम अधिक उपयोगी पडते. संस्थेकडून पावती आणि खर्चाचा तपशील मागण्यात अविश्वास नाही. पौलानेही तीच दक्षता घेतली होती. मदतीच्या बदल्यात श्रद्धा बदलण्याची अपेक्षा ठेवणे किंवा मदत देताना जात-धर्म पाहणे दानाच्या मूळ कल्पनेलाच छेद देते. दान करताना कर्णे वाजवू नयेत, असे येशूने सांगितले आहे; संकटग्रस्तांसोबत छायाचित्रे काढून घेणाऱ्यांनी ते विशेष लक्षात घ्यावे.

मदतीचा ओघ पहिल्या पंधरवड्यात मोठा असतो, नंतर तो आटतो. तळीयेच्या कुटुंबांना मात्र पक्क्या घरांसाठी काही वर्षे थांबावे लागले. प्रार्थना करणाऱ्याला ज्यांचे स्मरण दररोज राहते, त्यांच्यासाठी हात पुढे करणेही त्याला सोपे जाते. आपत्तीची बातमी मागे पडल्यानंतर दिलेल्या मदतीचे मोल म्हणूनच अधिक असते.