विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरमधील वारा आणि धावपट्टी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैमानिकाला जमिनीवरच उड्डाणाचे शिक्षण देता यावे, या गरजेतून सिम्युलेटर हे साधन जन्मास आले. त्याच्या इतिहासात उपकरणे, दृश्ये व हालचाली यांची प्रगती विस्ताराने नोंदविली जाते. वाऱ्याची नोंद त्या मानाने त्रोटक आढळते. धावपट्टीवर धावणाऱ्या विमानाला आडवा वारा कसा ओढतो, हा प्रश्न तर या साधनाने फारच उशिरा गांभीर्याने हाताळला. प्रस्तुत लेखात या विलंबाचा मागोवा घेतला आहे.

खरा वारा ते भात्यातील हवा

विशेष म्हणजे आरंभीच्या साधनात वारा खराच होता. इंग्लंडमध्ये १९१० च्या सुमारास तयार झालेल्या 'सँडर्स टीचर'मध्ये विमानाचा सांगाडा सर्व बाजूंना कलणाऱ्या सांध्यावर, वाऱ्याकडे तोंड करून उभा केला जाई. शिकाऊ वैमानिकाने दांडा हलविला की वाऱ्याच्या दाबाने सांगाडा कले. वारा लहरी असल्यामुळे हा प्रयोग फार काळ टिकला नाही.

पुढे एडविन लिंक याने १९२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे आपला 'लिंक ट्रेनर' सिद्ध केला. लिंक कुटुंबाचा व्यवसाय ऑर्गन बनविण्याचा. त्यामुळे वाद्याच्या भात्यांचे तंत्र या यंत्रात आपसूकच आले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचे काम सोपविण्यात आले आणि खराब हवामानात अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. परंतु हे यंत्र आपल्या बैठकीवरच फिरे. त्याला धावपट्टी नव्हती, रस्त्याला टेकलेली चाके नव्हती.

जमिनीवरील विमानाचा प्रश्न

हवेतील विमान वाऱ्याबरोबर वाहते. जमिनीवरील विमानाला मात्र चाके धरून ठेवतात. आडवा वारा शेपटीच्या उभ्या पंखावर आदळला की विमान वातकुक्कुटाप्रमाणे नाक वाऱ्याकडे वळवू पाहते. वैमानिक सुकाणूने त्याला सरळ राखतो. वेग कमी असताना सुकाणूचा प्रभाव अल्प असतो, तर वेग वाढल्यावर पंखांच्या उचलीमुळे चाकांवरील भार व पकड घटते. त्यातच जमिनीलगतचा वारा इमारती व चढउतार यांमुळे विस्कळीत झालेला असतो. हे सारे क्षणाक्षणाला बदलणारे गणित आहे. आडव्या वाऱ्याची एकच स्थिर संख्या देऊन ते सुटत नाही.

येथे एक विरोधाभास नोंदविणे अगत्याचे आहे. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस येथे डेल्टा कंपनीचे १९१ क्रमांकाचे विमान उतरताना मेघगर्जनेतील अधोवाहात सापडले व १३७ जण दगावले. त्यानंतर, १९८७ मध्ये, वाऱ्याच्या अशा आकस्मिक पालटाविषयीचे प्रशिक्षण-साहित्य अमेरिकेत तयार झाले आणि तसा वारा सिम्युलेटरमध्ये सर्रास वापरला जाऊ लागला. धावपट्टीवरील आडवे झोत मात्र उपेक्षितच राहिले. बहुधा त्यांनी तोवर एवढे बळी घेतले नव्हते.

डेन्व्हर, २० डिसेंबर २००८

त्या सायंकाळी कॉन्टिनेंटल कंपनीचे १४०४ क्रमांकाचे बोईंग ७३७ विमान डेन्व्हरच्या धावपट्टीवरून उड्डाणासाठी धावू लागले. वैमानिकांना पश्चिमेकडून २७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर, वारा असल्याचे सांगण्यात आले होते. पर्वतरांगेवरून उतरणाऱ्या लहरींमुळे प्रत्यक्षात ४५ नॉटांपर्यंतचा आडवा झोत आला. विमान डावीकडे धावपट्टीबाहेर गेले व पेटले. ११५ पैकी सर्व जण वाचले. काही गंभीर जखमी झाले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये अहवाल दिला. अपघातापूर्वी सुमारे चार सेकंद कॅप्टनने उजव्या सुकाणूवरील दाब सोडला, हे प्रमुख कारण ठरले. परंतु अहवाल तेथेच थांबला नाही. हा वारा कॅप्टनच्या प्रशिक्षणाच्या व अनुभवाच्या पलीकडचा होता, आणि सिम्युलेटरमधील झोतांची सदोष प्रतिकृती व त्यामुळे संपूर्ण उद्योगातील अपुरे प्रशिक्षण हे सहायक कारण होय, असे मंडळाने स्पष्ट नमूद केले. उपलब्ध असलेली वाऱ्याची माहिती वैमानिकांपर्यंत पोहोचविणारी व्यवस्था नव्हती, हेही दुसरे सहायक कारण होते. जे यंत्राने कधी शिकविलेच नाही, त्याचा जाब केवळ कॅप्टनला विचारणे अन्यायाचे ठरले असते.

झोतांची वास्तव रूपरेषा तयार करण्यासाठी प्रत्यक्ष उड्डाणांतील नोंदी गोळा कराव्यात, अशी शिफारस मंडळाने केली. मार्च २०१६ मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने सिम्युलेटरच्या पात्रतेचे सुधारित निकष प्रसिद्ध केले. झोतयुक्त आडव्या वाऱ्यातील उड्डाण व अवतरण यांचा त्यांत समावेश झाला. डेन्व्हरच्या त्या सायंकाळीनंतर तोवर सात वर्षे उलटून गेली होती.