शिष्यवृत्तीची मुदत

पदवीसाठीं परदेशीं गेलेल्या विद्वानाची बुद्धिमत्ता चरित्रकार सविस्तर वर्णितात. त्याचा खर्च कोणीं व कोणत्या अटींवर चालविला, हें दोन ओळींत आटोपतात. आम्हांस हा दुसराच भाग अधिक विचारणीय वाटतो.

१९१३ सालीं श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं भीमराव आंबेडकरांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली. मुदत तीन वर्षें. परतल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी. कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र शाखेंत अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. शिवाय ड्युई यांचीं तत्त्वज्ञानावरील व्याख्यानेंही त्यांनीं ऐकलीं. १९१६ त ते लंडनास गेले, पण पुढल्याच वर्षीं शिष्यवृत्ति संपली व अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. दात्याचें औदार्य निर्विवाद आहे. परंतु प्रबंध कांहीं पंचांग पाहून पुरा होत नाहीं. बडोद्यांत अधिकाराची जागा मिळाली, राहावयास घर मात्र अस्पृश्यतेमुळें कोणी देईना, आणि ती नोकरी थोडक्याच काळांत सुटली. पुढें सिडनहॅम कॉलेजांतील पगारांतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचें साहाय्य व एका पारशी मित्राचें कर्ज घेऊन ते १९२० त पुन्हां लंडनास गेले.

कोलंबियाचा प्रबंध १९२५ त छापून निघाला. पदवी १९२७ त पदरीं पडली. ग्रंथ अर्पण केला आहे तो सयाजीरावांसच.