काकांची स्टॅग आणि एक न जुळणारा हिशेब

मागच्या महिन्यात कॉव्हेंट्रीला काकूकडे गेलो होतो. चहा झाल्यावर तिने फ्रिजवरच्या चुंबकाखालचा एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. जुन्या गाड्यांची इंजिनं बांधून देणाऱ्या एका माणसाचं अंदाजपत्रक. एकूण ७,८०० पौंड, आणि हेड चिरलेलं निघालं तर त्याचे वेगळे.

"वाच आणि सांग काय करायचं ते," काकू म्हणाली.

गाडी म्हणजे काकांची ट्रायम्फ स्टॅग, १९७३ ची. काका २०२१ साली गेले. त्याआधी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून २००७ पासून गाडी गॅरेजात उभीच होती. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने ती सुरू करायला गेलो आणि इंजिन हललंच नाही. दोष आमचाच. इतकी वर्षं कूलंट बदलायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. (दर दिवाळीला जाऊन तिच्या बॉनेटवर हात मात्र फिरवून येत होतो!)

त्याच माणसाच्या म्हणण्यानुसार चालू, नीट गाडीचे पंधराएक हजार येतील, आहे तशी विकली तर पाच-सहा. ब्रेक, टायर, छताचं कापड हे सगळं वरखर्चाला. म्हणजे इंजिन करून विकली तरी हातात काही उरत नाही. ताईने (काकांची मुलगी, टोरांटोला असते) फोनवर एका वाक्यात निकाल दिला: विकून टाका. आकडेमोड तिचीच बरोबर होती. पण मी कागद खिशात घालून परत आलो आणि पंधरा दिवस या इंजिनाचा इतिहासच वाचत बसलो. बायकोच्या मते हा काम टाळायचा माझा नेहमीचा प्रकार. असो.

तर मंडळी, ही गोष्ट सुरू होते इटलीत. ट्यूरिनचा जोवान्नी मिकेलोत्ती ट्रायम्फसाठी गाड्यांचे आकार काढून द्यायचा. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल, तिचा आकारही त्याचाच. कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे एक हेराल्ड होती आणि काकांच्या गाडीवेडाचं मूळ तीच. १९६० च्या दशकाच्या मध्यावर मिकेलोत्तीने ट्रायम्फकडून त्यांच्या २००० मॉडेलची एक वापरलेली गाडी मागून घेतली आणि तिच्यावर उघड्या टपाची, चार माणसांची देखणी गाडी बांधली. ट्रायम्फचे अभियंते हॅरी वेब्स्टर यांनी ती पाहिली आणि प्रदर्शनात न पाठवता कंपनीसाठीच ठेवून घेतली. तीच पुढे स्टॅग झाली. जून १९७० मध्ये बाजारात आली, किंमत दोन हजार पौंडांच्या आसपास. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' मध्ये जेम्स बाँडही ती चालवताना दिसतो.

इंजिन मात्र ट्रायम्फचं घरचं. त्यामागची कल्पना मला आजही आवडते. एक व्ही-८ इंजिन घ्या आणि ते उभं मधोमध कापा. उरतं ४५ अंशांत कललेलं चार सिलिंडरचं इंजिन. म्हणजे छोट्या गाडीला अर्धं, मोठ्या गाडीला पूर्ण, आणि दोन्हींना लागणारी यंत्रं बरीचशी तीच. यातलं अर्धं आधी जन्माला आलं आणि तेही परक्या घरी. स्वीडनच्या साबने १९६८ पासून ते आपल्या ९९ मॉडेलला बसवलं. पूर्ण व्ही-८ आधी अडीच लिटरचं व्हायचं होतं, इंधन इंजेक्शनवालं. पण अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते. इंजेक्शन रद्द झालं, दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आले आणि कमी पडणारा जोर भरून काढायला सिलिंडर मोठे केले. व्यास ८६ मिमी, क्षमता २,९९७ सीसी. आता सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर तेच ठेवून भोक मोठं केलं की मधल्या जागेत लोखंडालाही जागा कमी आणि पाण्यालाही. यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

पुढची काटकसर हेडमध्ये. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. हेड ब्लॉकवर आवळणारे सगळे स्टड आणि बोल्ट एका दिशेने नाहीत. निम्मे एका कोनात, निम्मे दुसऱ्या. त्यामुळे आधीच जोडून तयार ठेवलेलं हेड कारखान्यात झटपट बसवता यायचं. पण तापल्यावर अॅल्युमिनियम फुगतं, दोन दिशांनी ओढ बसते आणि गॅस्केटवर ताण येतो. वर दोन वेगळ्या धातूंमध्ये गंज धरला की स्टड हेडमध्ये असा चिकटतो की हेड उचलताच येत नाही. पाण्याचा पंप व्हीच्या खाचेत, इतक्या उंचावर की कूलंट थोडं जरी कमी झालं तरी पंपाला आधी हवा लागते. कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळ्या लांब आणि एकेरी. २५ हजार मैलांच्या आत ताणल्याच्या तक्रारी आल्या. आणि काही ब्लॉकांमध्ये ओतकामाची वाळूच राहून गेलेली, जी फिरत फिरत रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत जाऊन बसायची.

यातली एकेकटी गोष्ट गाडी मारणारी नाही. पण त्यांची साखळी बघा. वाळूने रेडिएटर तुंबला, पाणी तापलं, थोडं बाहेर गेलं, पंपाने हवा गिळली, पाणी फिरायचं थांबलं, हेड वाकलं, गॅस्केट उडालं. सगळं काही मिनिटांत. पंप इतका वर असल्यामुळे संकटाच्या वेळीच तो हात वर करायचा. अमेरिकेत तीन हजारही गाड्या गेल्या नाहीत, १९७३ मध्ये तिथली विक्री बंद. १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँड सरकारच्या ताब्यात गेली, १९७७ मध्ये स्टॅग थांबली. सगळ्या मिळून जेमतेम २६ हजार गाड्या.

आणि गंमत अशी की त्याच घरात दुसरं व्ही-८ इंजिन होतं! रोव्हरचं, साडेतीन लिटरचं, सगळं अॅल्युमिनियम, मूळचं अमेरिकेतल्या ब्युइकचं. रोव्हरने त्याचे हक्क १९६५ मध्ये घेतले होते. १९६७ पासून रोव्हर आणि ट्रायम्फ एकाच कंपनीचे भाग होते. मग ते का नाही बसवलं? तेव्हाचं एक उत्तर होतं, रोव्हरला पुरेशी इंजिनं बनवता येणार नाहीत. दुसरं, ते बसत नाही. ट्रायम्फने आपल्या इंजिनावर तोवर केलेला खर्च हे तिसरं कारण असावं, आणि माझ्या मते तेच खरं. "बसत नाही" हे उत्तर तर पुढे शेकडो मालकांनी आपापल्या गॅरेजात खोटं ठरवलं.

काकांनी गाडी घेतली १९८४ मध्ये, स्वस्तात, कारण स्टॅगला तेव्हा कोणी हात लावत नसे. ते कॉव्हेंट्रीतल्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये होते (ट्रायम्फमध्ये नव्हे). दोन वर्षांनी गॅस्केट उडालं. मेकॅनिकने सांगितलं, हे भंगारात घाला, भंगारातल्या एखाद्या रोव्हरचं इंजिन काढून आणतो, निम्म्या पैशात काम. तेव्हाच्या हिशेबाने तो सल्ला शंभर टक्के बरोबर होता. रोव्हरची इंजिनं मुबलक होती, पक्की होती आणि मूळ इंजिनाला कोणी किंमत देत नव्हतं. काकांनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं एकच: इंजिन वाईट नाही, घाईत बांधलंय. त्यांनी ते उतरवलं, खोललं, ब्लॉक धुऊन घेतला, बोअर केला, क्रँक ग्राइंड करून आणली, मोठा रेडिएटर लावला आणि सगळं स्वतः बांधलं. त्यानंतर वीस वर्षं गाडी एकदाही तापली नाही. त्यांच्या वहीत दर शरद ऋतूत एक ओळ आहे, मराठीत: "पाणी बदलले." शेवटची ओळ २००६ ची.

काकांचं म्हणणं बरोबर होतं याचा पुरावा खरं तर स्वीडनमध्ये आहे. साबने ते अर्धं इंजिन १९७२ च्या सुमारास आपल्या हातात घेतलं, नव्याने आखलं, स्वतःच्या कारखान्यात बनवायला सुरुवात केली. पुढची प्रसिद्ध टर्बो इंजिनं त्याच वंशातली आणि हा वंश साबच्या गाड्यांमध्ये पुढे अनेक दशकं चालला. आजोबा तेच. फरक इतकाच की एका घरी त्याच्यावर पैसे आणि वेळ खर्च झाला, दुसऱ्या घरी वाचवला गेला. वाचवलेला तो पैसा नाहीसा झाला नाही. तो बिल होऊन पन्नास वर्षं एकेका मालकाच्या दारात येतोय.

हे सगळं डोक्यात घेऊन मी अंदाजपत्रक पुन्हा काढलं. "ब्लॉक रसायनात बुडवून स्वच्छ करणे." हे काम १९७३ मध्ये गाडीगणिक किती पेन्सचं असेल? "चिकटलेले स्टड कापून काढणे, मजुरी तासांवर." ही झटपट बसणाऱ्या हेडची किंमत. साखळ्या, पंप, रेडिएटर... (गंजाचा भाग अर्थात आमच्या आळसाचा, तो कंपनीच्या नावावर घालणार नाही.) आणि ज्या रोव्हर इंजिनाच्या बळावर १९८६ चा हिशेब सोपा होता, तेही आता जुनं झालं. लँड रोव्हरने ते २००४ च्या सुमारास वापरायचं थांबवलं. भंगारात ते पूर्वीसारखं सापडत नाही, आणि आता गिऱ्हाईक मूळ इंजिनच आहे का ते आधी विचारतं. म्हणजे तोच प्रश्न, तीच गाडी, आणि चाळीस वर्षांनी उत्तर उलटं. निदान कागदावर तरी.

हे सगळं मी गेल्या रविवारी काकूला उत्साहाने सांगितलं. साब, मिकेलोत्ती, पंप, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला शहाऐंशीचं एक माहीत नाही. ते पैसे माझ्या तिकिटाचे होते."

मला खरंच माहीत नव्हतं. त्या डिसेंबरात ती कोल्हापूरला माहेरी जाणार होती. पिस्टन आणि रेडिएटरला पैसे कमी पडले, काका म्हणाले उन्हाळ्यात जाऊ. फेब्रुवारीत तिचे वडील गेले. काकांच्या वहीत त्या हिवाळ्याची दोन पानं भरून खर्च लिहिलाय, पेनीपर्यंत. तिकिटाचा उल्लेख नाही.

"ह्यांनी नंतर कधी तो विषय काढला नाही, मीही नाही," काकू म्हणाली. "आता ती ताई म्हणते विकून टाक. पाच हजाराला? माझे तेव्हाचे धरून?"

गेलेल्या पैशाकडे बघून पुढचा निर्णय घेऊ नये हे मला पुस्तकांत शिकवलंय. ट्रायम्फवाल्यांनी नेमकं तेच केलं असं मी तिला दहा मिनिटांपूर्वी मोठ्या तोंडाने सांगत होतो. मी गप्प बसलो. काकूने बशी उचलली आणि म्हणाली, "त्या माणसाला फोन लाव. पण आधी फक्त हेड काढ म्हणावं. चिरलेलं असेल तर मग बघू."

त्याला आज अकरा दिवस झाले. उजवीकडचं हेड निघालं, धड आहे. डावीकडचं अजून बसून आहे. तो माणूस रोज सकाळी स्टडांच्या मुळाशी तेल सोडतो आणि संध्याकाळी पाव वळसा फिरतंय का बघतो. मजुरीचे तास मोजायचे त्याने थांबवलेत असं म्हणतो, मला खरं वाटत नाही. काकूचा फोन रोज साडेसहाला येतो.

"निघालं का रे?"

"नाही अजून."

"बरं," म्हणते आणि ठेवून देते.