गणेशखिंडीतील वास्तू

पुणे शहराच्या वायव्येस टेकड्यांच्या रांगेत एक खिंड आहे. तिच्या पलीकडचा माळ इतिहासाला अपरिचित नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांची सेना गणेशखिंडीच्या बाजूने खडकीच्या इंग्रज फौजेवर चालून गेली आणि त्या लढाईने पेशवाईचे भवितव्य जवळजवळ ठरवून टाकले. पुढे अर्ध्या शतकाने, त्या रणभूमीच्या परिसरातच, मुंबईच्या गव्हर्नराचा प्रासाद उभा राहिला. हा योगायोग असेल. पण तो बोलका आहे.

पावसाळ्यात गव्हर्नराचा मुक्काम पुण्यास असे. त्यासाठी दापोडीस एक जुना बंगला होता. सर बार्टल फ्रिअर यांना तो राज्यकर्त्याच्या इतमामास साजेसा वाटला नाही. तो काळही मोठा विलक्षण होता. अमेरिकेत यादवी पेटल्यामुळे हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते आणि मुंबई इलाख्यात पैशाचा पूर लोटला होता. त्या भरतीच्या दिवसांत, १८६४ साली, गणेशखिंडीत काम सुरू झाले. जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने इटालियन धाटणीची, उंच मनोऱ्याची वास्तू आखली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र थांबले नाही. १८७१ साली ते पुरे झाले, तेव्हा त्यावरील उधळपट्टीची चर्चा थेट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली होती.

या प्रासादाच्या आयुष्यातील सर्वांत दारुण रात्र २२ जून १८९७ ची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून आत समारंभ चालला होता आणि बाहेर दीपोत्सव होता. त्याच वर्षी पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला होता. घरोघरच्या झडत्यांत झालेल्या जुलमाने लोकांची मने जळत होती. समारंभाहून परतणाऱ्या रँड या प्लेग अधिकाऱ्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडण्यात आली. मागल्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टही बळी पडला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर बंधू पुढे फासावर गेले. आतील झगमगाट आणि बाहेरील अंधार यांत किती अंतर होते, हे त्या एका रात्रीने दाखविले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न उभा राहिला तो अशा वास्तूंचे काय करावे, हा. पुण्यास विद्यापीठ हवे, ही मागणी जुनी होती. १९४८ साली तसा कायदा झाला आणि १९४९ च्या फेब्रुवारीत विद्यापीठ अस्तित्वात आले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. आरंभीचा कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृहातून चाले. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने गणेशखिंडीची चारशेहून अधिक एकर भूमी विद्यापीठाच्या हवाली केली आणि १ जून १९४९ पासून विद्यापीठाचा कारभार या प्रासादातून चालू लागला. त्या वेळी संलग्न महाविद्यालये अवघी १८ होती आणि विद्यार्थी सुमारे आठ हजार.

गुलामगिरीची खूण म्हणून ही वास्तू पाडणे सोपे होते. नव्या सत्ताधीशांनी तिथे राहावयास जाणे त्याहूनही सोपे होते. दोन्ही मोह टाळून ती विद्येला देण्यात आली. ज्या दारातून निमंत्रणावाचून प्रवेश नव्हता, तेथे खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले गुणपत्रिका हातात घेऊन येऊ लागली. २०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. ज्या पुण्यात मुलींना शिकविण्यासाठी निघाल्यावर अंगावर शेण झेलावे लागले, त्याच पुण्यातील गव्हर्नराच्या वाड्यावर त्यांचे नाव आले.

दगडांना स्वतःचा धर्म नसतो. माणसे त्यांच्याकडून जे काम करून घेतात, तोच त्यांचा धर्म. ते दार सर्वांना उघडे राहील तोवरच या वास्तूचे रूपांतर खरे मानावयाचे.