पाइपातून की पोर्टातून?

मंडळी, 'नेम्ड पाइप्स प्रोव्हायडर, एरर ४०' हा मेसेज बघितला नाही असा एसक्यूएल सर्व्हरवाला विरळाच. आता २१व्या शतकात पाइप कुठून आले? उत्तर इतिहासात आहे.

मायक्रोसॉफ्टचा पहिला एसक्यूएल सर्व्हर १९८९ मध्ये आला, तोही ओएस/२ वर, सायबेसबरोबर भागीदारी करून. त्या जगात लॅन मॅनेजर होता आणि नेम्ड पाइप्स घरचेच. टीसीपी/आयपीचं राज्य नंतर आलं. गंमत म्हणजे क्लायंट आणि सर्व्हर आपापसात बोलतात ती भाषा, टीडीएस, दोन्हीकडे सारखीच. पत्र तेच, टपाल वेगळं!

एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये एकाच मशिनवर अनेक इन्स्टन्स बसवायची सोय झाली. मग कुठला इन्स्टन्स कुठे भेटेल हे सांगायला यूडीपी १४३४ वर एक चौकशी खिडकी उघडली. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा वर्म याच खिडकीतून घुसला. अवघे ३७६ बाइट्स, पण घुसण्यासारखी जेवढी मशिन्स होती त्यातली ९० टक्के दहा मिनिटांत पडली. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची एटीएम्स बंद पडली. पॅच जुलै २००२ पासून उपलब्ध होता. पण दुसऱ्याच सॉफ्टवेअरबरोबर एमएसडीई आलाय आणि तो नेटवर्कवर कान देऊन बसलाय, हे कित्येकांच्या गावीही नव्हतं.

२००५ च्या आवृत्तीने धडा घेतला. एक्सप्रेस आणि डेव्हलपर एडिशनमध्ये बाहेरून येणारी कनेक्शन्स मुळातच बंद. शिवाय 'सिस.डीएम_एक्झेक_कनेक्शन्स' हा व्ह्यू आला. त्यातला 'नेट_ट्रान्सपोर्ट' कॉलम बघा: शेअर्ड मेमरी, नेम्ड पाइप की टीसीपी, सगळं उघड. फक्त ओळ आपल्या ॲप्लिकेशनच्या सेशनची बघायची. सर्व्हरवरच बसून स्वतःचं कनेक्शन तपासलं तर बहुधा शेअर्ड मेमरीच दिसणार, आणि त्यावरून ॲपबद्दल काहीच कळत नाही.

आणि एरर ४०? क्लायंट आधी टीसीपी बघतो, जमलं नाही तर पाइप. शेवटी जो हरला त्याच्या नावावर बिल फाटतं. म्हणून मी तरी सर्व्हरच्या नावाआधी 'टीसीपी:' लावून पुन्हा बघतो. मग खरा गुन्हेगार, म्हणजे फायरवॉल किंवा पोर्ट, समोर येतो.

असो. आपल्या सर्व्हरची किती दारं उघडी आहेत, हे वर्मच्या आधी आपल्याला माहीत असावं, एवढंच.