औंढ्याच्या रानातून सोन्याकडे

आमच्याकडे मृगाच्या तोंडावर आईची पोत सोनाराकडे गहाण जायची आणि सोयाबीन विकलं की सुटायची. हे सोनं मुळात घडलं कुठं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

ताऱ्यांच्या पोटात हलकी अणुकेंद्रकं जोडली जाऊन जड होतात, पण ऊर्जा देणारा हा व्यवहार लोखंडाच्या आसपास संपतो. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. ते जितके वाढतील, तितका त्यांना बांधून ठेवायला न्यूट्रॉनचा भरणा जास्त लागतो. लोखंडात २६ प्रोटॉनांना ३० न्यूट्रॉन पुरतात, सोन्यात ७९ प्रोटॉनांना ११८ लागतात. पुढची वाट न्यूट्रॉन गिळण्याची. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे प्रोटॉन त्याला अडवत नाहीत. केंद्रकाने ते भराभर गिळले की तोल बिघडतो आणि जास्तीचे न्यूट्रॉन एकेक करून प्रोटॉन होत जातात. बर्बिज दांपत्य, फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी १९५७ साली हे सविस्तर मांडलं. मात्र एवढे न्यूट्रॉन एका जागी मिळणार कुठं?

याच हॉइल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर. त्यांनी पुण्यात उभी केलेली आयुका आज औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पात आहे. हा धागा मला मोठा वाटतो.

उत्तर आलं १७ ऑगस्ट २०१७ ला, आपल्या घड्याळात संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी. इकडे श्रावण चालू होता. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी पकडली. इटलीतल्या व्हर्गोला ती जेमतेम जाणवली, आणि गंमत म्हणजे त्या जेमतेमपणामुळेच आकाशातली जागा नेमकी करता आली. मग दुर्बिणी तिकडे वळल्या. पुढे नारायणगावजवळच्या जीएमआरटीनेही तिथल्या रेडिओ लहरी टिपल्या. सोन्याची स्वतंत्र खूण त्या प्रकाशात दिसली नाही, हेही सांगायला हवं. स्ट्रॉन्शियमची २०१९ मध्ये ओळखली गेली. पण ताज्या जड मूलद्रव्यांची ती झळाळी होती, याबद्दल फारसा वाद उरला नाही.

लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी मिळाली होती फेब्रुवारी २०१६ मध्ये. सुमारे २६०० कोटींची अंतिम मंजुरी आली एप्रिल २०२३ मध्ये. मधली सात वर्षं मला आजही खुपतात. तीन यंत्रांनी जे जेमतेम साधलं, ते दूरच्या आणखी एका यंत्राने कितीतरी सोपं होतं. औंढ्याजवळच्या रानात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा कधी कान देऊ लागतात, याची मी वाट पाहतोय.